सत्ताविसाव्या वर्षी मॅट्रिक

अनुताई वाघ मॅट्रिक झाल्या तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. बी.ए. झाल्या तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या. आपण बहुतेकांनी दहावीचा निकाल सोळाव्या वर्षी हातात घेतला, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पदवी घेतली आणि तेच आयुष्याचं वेळापत्रक असतं असं धरून चाललो.

आपल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचचा मेळावा ठरला आणि स्मरणिका समितीने मला विषय दिला : शाळेच्या वर्षातले टप्पे. जूनमधला नव्या वह्यांचा वास, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, सहल, निरोप समारंभ आणि शेवटी निकाल. या सगळ्यावर आपल्यातले आणखी दहा जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील, याची मला खात्री आहे. म्हणून मी जरा बाजूची वाट धरते. ज्यांच्या आयुष्यात यातला जवळजवळ एकही टप्पा वेळेवर आला नाही आणि तरीही ज्यांनी आपल्या कोसबाडच्या टेकडीवर हजारो मुलांच्या शाळेचा पहिला दिवस घडवला, त्या बाईंची गोष्ट मी सांगणार आहे.

मी अनुताईंना जवळून ओळखत नव्हते. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या तेव्हा आपण सहावीत होतो. मोठी माणसं हलक्या आवाजात बोलत होती, एवढंच लक्षात आहे. त्यांची खरी ओळख मला पुढे झाली, ती आईमुळे. माझी आई अंगणवाडीसेविका होती. तिची रजिस्टरं, वजनकाटा, खिचडीचं पातेलं हे सगळं आमच्या घराच्या ओटीवर असायचं. हे काम नेमकं सुरू कुठून झालं, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिने हात उचलून टेकडीकडे दाखवलं. त्यानंतर मिळेल ते वाचत गेले, जुन्या माणसांना विचारत गेले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते. सर आणि बाईंपैकी ज्यांनी अनुताईंना पाहिलं आहे, त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकांतला पहिला गणपती तो हाच. जन्मतारखेची एक गंमत बघा. सतरा मार्च म्हणजे आपल्याकडे दहावीच्या परीक्षेचे दिवस. आपण भूमितीचे प्रमेय घोकत होतो तेव्हा टेकडीवरच्या बाईंची जयंती येऊन जात होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

१९२३ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. तेरा वर्षं म्हणजे आपल्या हिशोबात आठवी. आपल्या आठवीत सर्वांत मोठं संकट बीजगणिताचं होतं. त्या काळात मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवणारा कायदासुद्धा नव्हता. सारडा कायदा आला तो १९२९ मध्ये आणि त्यानेही मुलीचं वय चौदाच ठरवलं. तेरा वर्षांच्या विधवेसाठी घरातला एक कोपरा आणि जन्मभराचं स्वयंपाकघर, एवढंच समाजाने राखून ठेवलेलं असे. मात्र दुसरी वाटही तोवर फुटलेली होती. विधवांना शिकवणारा अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम पुण्यात १८९६ पासून सुरू होता. विधवेने शिकावं, नोकरी करावी, ही गोष्ट अवघड होती, पण ऐकिवात नव्हती असं नाही.

अनुताईंचं शिक्षण थांबलं नाही. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी जिला सातवी फायनल म्हणत, ती ही परीक्षा. तिला तेव्हा मोठी किंमत होती. फायनल झालेल्या माणसाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकत असे. अनुताई पुढे पुण्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि १९२९ मध्ये ते पूर्ण करून नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या बाजूला शिकवू लागल्या. वय एकोणीस. खेड्यात एकटी राहणारी, पगार घेणारी तरुण विधवा शिक्षिका म्हणजे काय, हे आजही एखाद्या पाड्यावर पहिल्यांदा बदली होऊन गेलेल्या बाईंना विचारावं. त्यात आणखी नव्वद वर्षं मागची भर घालावी.

१९३३ मध्ये त्या पुण्याला हुजूरपागेत आल्या. मुलींची ही शाळा १८८४ पासूनची. इथे त्यांनी अकरा-बारा वर्षं काढली आणि याच काळात त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यामुळे मी हा लेख त्यांच्यावर लिहायचं ठरवलं. दिवसा त्या शाळेत शिकवत आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बाकावर बसत. दिवसा बाई आणि रात्री विद्यार्थिनी. फायनलची परीक्षा मराठीतून असे. मॅट्रिक मुंबई विद्यापीठ घेत असे आणि त्यासाठी इंग्रजी लागे. म्हणजे जी भाषा इतर मुलं दहा-अकराव्या वर्षापासून शिकत आलेली, ती यांनी नोकरी सांभाळून, दिवसभर वर्ग घेऊन झाल्यावर दिव्याखाली शिकायची. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

आपला निरोप समारंभ आठवा. कुणी फुलं आणली होती, कुणी रडलं होतं, कुणी मुद्दाम हसत होतं. ऑटोग्राफच्या वह्या फिरल्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरदार विद्यार्थिनीच्या वाट्याला असलं काही आलं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपल्या वर्गावर जायचं, एवढंच असणार. तरीही रात्रीचा तो बाक त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो. वेळ टळून गेलेल्या माणसाला शाळेत जाताना काय वाटतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

इथून गोष्ट आपल्या किनाऱ्याकडे वळते आणि तिच्यात ताराबाई मोडक येतात. ताराबाई १८९२ च्या, अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीने लहान मुलांना शिकवण्याचा प्रयोग गिजुभाई तिथे करत होते. ताराबाईंनी तिथे नऊ वर्षं काम केलं आणि नंतर मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

दादरच्या बालमंदिरात मुलं रमत होती, पण ती दादरची मुलं होती. माँटेसोरीची साधनं गुळगुळीत लाकडाची, मापात बनवलेली, महाग. स्वतः माँटेसोरीबाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातच होत्या आणि मद्रासला शिक्षकांचे वर्ग घेत होत्या. त्यांची पद्धत चांगली आहे, याबद्दल ताराबाईंना शंका नव्हती. प्रश्न हा होता की ती खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत पोचणार कशी. ते करून बघायला त्यांनी बोर्डी निवडली. आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी तिथे शिक्षणाची जमीन आधीच तयार केली होती. १९४५ च्या अखेरीस बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

कस्तुरबा स्मारक निधीतर्फे बोरिवलीला भरलेल्या शिबिरात अनुताईंची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंना खेड्यात येऊन राहणारी साथीदार हवी होती. अनुताई तेव्हा पस्तिशीत आल्या होत्या. हुजूरपागेतली कायमची नोकरी, पुण्यातलं बसलेलं बस्तान हे सगळं सोडून त्या बोर्डीला आल्या. कुठे आल्या हेही बघायला हवं. याच १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद भरली होती आणि वेठीला नकार देण्याची चळवळ गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पाठबळाने उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर पसरत होती. जमीनदाराच्या शेतात फुकट राबणाऱ्या माणसांचा हा मुलूख. पुण्याहून आलेल्या बाईंनी इथे मुलांना रंगीत मणी ओवायला शिकवायचे होते.

मुलं आलीच नाहीत. बालवाडी उघडली, साधनं मांडली, पण वस्तीतली मुलं उंबरा ओलांडेनात. यावर ताराबाई आणि अनुताईंनी काढलेलं उत्तर आज देशभर पसरलं आहे आणि ते इतकं साधं आहे की त्यात काही विशेष होतं हे आपण विसरलो. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, एखादं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथेच बसायचं. म्हणून नाव अंगणवाडी. पहिला पाठ अक्षरांचा नव्हता, गाण्याचाही नव्हता. मुलांना आंघोळ घालायची, डोकी विंचरायची, नखं कापायची, डोळे पुसायचे. तेही वस्तीतल्या आयांच्या देखत, म्हणजे त्या बघतील आणि हळूहळू स्वतः करू लागतील.

महागड्या साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही. खडे, चिंचोके, बिया, पानं, फुलं, बांबूचे तुकडे, सगळं फुकट. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, मोजणं, लावणं, जुळवणं हे सगळं त्यातून शिकवता येतं. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखादी वस्तू लोक वापरत नसतील तर लोक अडाणी आहेत असं म्हणायची सोय नसते. रचनेत कुठे अडतंय ते जाऊन बघावं लागतं. आम्ही हे कामाला लागल्यावर शिकलो. या दोघी ते बोर्डीच्या अंगणात बसून करत होत्या.

बोर्डीतल्या दहा-अकरा वर्षांनंतर केंद्र आपल्या कोसबाडच्या टेकडीवर आलं. बोर्डीत निदान गाव होतं, रस्ता होता, शाळा होती. कोसबाडला टेकडी, गवत आणि विखुरलेले पाडे. तुम्ही आम्ही तिथे वाढलो, त्यामुळे त्या उताराचं आपल्याला काही वाटत नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या बाईंनी पावसाळ्यात निसरड्या पायवाटांनी पाड्यापाड्यावर जाणं आणि कुडाच्या घरांच्या दारात उभं राहून मुलं मागणं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याइतका दुसऱ्या कुणाला येणार नाही.

इथे एक नवं कोडं होतं. बालवाडीच्या वयाची मुलं येऊ लागली तरी त्यांच्यापेक्षा मोठी, शाळेच्या वयाची मुलं येईनात. का येत नाहीत, हे अनुताईंनी घरोघर जाऊन पाहिलं. मुली येत नव्हत्या, कारण आई-बाप मजुरीला गेल्यावर कडेवरचं भावंड त्यांनी सांभाळायचं असे. मुलं येत नव्हती, कारण गुरं राखायची असत. आळस, नावड, शिक्षणाचं महत्त्व न कळणं, असली कारणं पुढे करणं सोपं होतं. इथे तसं काही नव्हतं. ही मुलं आठव्या-नवव्या वर्षी कामावर होती आणि त्यांच्या कामावर घर चालत होतं.

मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिचं नाव विकासवाडी. मुलीने भावंडाला कडेवर घेऊनच यायचं, तान्हं असेल तर पाळणाघरात ठेवायचं, थोडं मोठं असेल तर बालवाडीत बसवायचं आणि स्वतः वर्गात जायचं. भावंड रडलं तर चार पावलांवर ताई असते. मुलीच्या कडेवरचं ओझं कमी झालं आणि तिची पाटी तिच्या हाती आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षकाने जायचं, झाडाच्या सावलीत बसायचं, गवताच्या काड्या आणि बिया मोजायच्या, एक डोळा गुरांवर ठेवायचा. दिवसभर राबणाऱ्या मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. रात्रीच्या वर्गाचं मोल या बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या सगळ्या प्रयोगांत घंटेची वेळ मुलाने पाळायची नव्हती. मुलाच्या दिवसात मोकळी वेळ कुठे आहे ते शोधून घंटा तिथे नेऊन ठेवायची होती. आवणीच्या दिवसांत पाडा शेतात असतो, हे शाळेने गृहीत धरायचं. मुलाच्या तोंडी घरची बोली असते, पुस्तकातली मराठी नसते, हेही गृहीत धरायचं. वारली गाणी, तारपा, भिंतीवरची चित्रं ही शाळेबाहेर ठेवून यायची वस्तू नाही, हेही.

आणि हे सगळं करत असताना अनुताई स्वतः पुन्हा अभ्यासाला बसल्या. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी.ए. झाल्या. त्यांना पदवीची गरज काय होती? बढती मिळणार नव्हती, टेकडीवर तिचा काही उपयोग नव्हता. मला वाटतं, तेराव्या वर्षी मोडलेली एक गोष्ट त्यांना पुरी करायची होती. आणि पाड्यावरच्या बायकांना शिका म्हणून सांगणाऱ्या बाईंच्या उशाशीही पाठ्यपुस्तक असणं, यालाही काही अर्थ असतो.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. त्यानंतर केंद्राची सगळी जबाबदारी अनुताईंवर आली. त्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याकडे त्या वयात माणसं नातवंडांना शाळेत सोडायला जातात. ताराबाईंच्या जाण्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभर निघालेल्या तिच्या केंद्रांचं नाव होतं अंगणवाडी. बोर्डीच्या एका वस्तीत अंगण झाडून बसलेल्या दोन बायकांचा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदावर आहे. माझ्या आईच्या रजिस्टरावरही तोच शब्द होता.

अनुताई थांबल्या नाहीत. 'शिक्षणपत्रिके'चं काम, बालवाडी चालवणाऱ्यांसाठी पुस्तकं, शिक्षिकांची शिबिरं सुरूच होती. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासह 'ग्राममंगल' ही नवी संस्था उभी केली आणि ऐने-दाभोण भागात काम सुरू झालं. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कार. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. आपल्या पायाखालच्या वाटा त्यात आहेत. १९४५ पासून १९९२ पर्यंत, सत्तेचाळीस वर्षं, त्या या परिसरात राहिल्या. आपण सगळे या मेळाव्याला घरी परतल्यासारखे येतो आहोत. त्यांचं मात्र परत जायचं असं दुसरं घर उरलं नव्हतं. पुण्याहून निघालेल्या त्या इथल्याच झाल्या.

आता जरा आपल्याबद्दल.

मेळाव्याची तयारी करताना आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी दोन फोटो टाकले. एक पाचवीचा, एक दहावीचा. दहावीच्या फोटोतले सगळे आपण नावानिशी ओळखले, कोण कुठे आहे तेही समजलं. कुणी डहाणूत, कुणी वापीत, कुणी विरारहून लोकलने रोज मुंबईला, मी पुण्यात, एक जण थेट सिंगापूरला. मग पाचवीचा फोटो लावून पाहिला. त्यात कितीतरी चेहरे असे होते की जे दहावीच्या फोटोत नाहीत. ते नापास झाले असं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. कुणाचं कुटुंब वीटभट्टीवर गेलं, कुणी बोटीवर गेलं, कुणी बागायतीत चिकू उतरवायला लागलं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी सातवीत धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी राहिली. ती माझ्यापेक्षा गणितात चांगली होती. हे मी आज नम्रतेने म्हणत नाही. आमच्या दोघींच्या वह्या बघितलेल्या सरांना ते माहीत आहे.

विकासवाडीने जो प्रश्न चार पावलांच्या अंतराने सोडवला होता, तोच प्रश्न त्याच तालुक्यात, चाळीस वर्षांनंतर, माझ्या बाकावर बसला होता आणि उठून गेला. याचा दोष मी कुणा एकाला देत नाही. एक चांगला प्रयोग एका टेकडीवर यशस्वी होणं आणि तो खालच्या प्रत्येक पाड्यावर पोचणं यात फार मोठं अंतर असतं. अनुताईंनी ते अंतर पायी कापायचा प्रयत्न केला. उरलेलं त्यांच्या मागच्यांनी कापायचं होतं आणि त्यांच्या मागचे म्हणजे आपणच.

बॅचचा मेळावा म्हटला की आपण नकळत एक व्याख्या करतो. जे शेवटपर्यंत पोचले ते आपले. ट्रॉफी त्यांना, फेटे त्यांना, स्टेजवरची ओळख त्यांची. या व्याख्येने पाहिलं तर तेराव्या वर्षी घरी बसलेली मोरगावची मुलगीही कुणाच्याच बॅचमध्ये आली नसती. तिला कुणी तेव्हा यादीतून काढून टाकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माणसाचा टप्पा उशिरा येऊ शकतो. आपल्याकडे आजही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. रात्रशाळा आहेत, मुक्त विद्यापीठ आहे. चाळिशीतल्या आपल्या मैत्रिणीला त्यासाठी फक्त कुणीतरी सोबत येऊन फॉर्म भरून द्यायला हवा आणि परीक्षेच्या दिवशी तिच्या घरचं बघायला हवं. हुशारी तिच्याकडे आहेच.

म्हणून मी समितीपुढे दोन गोष्टी मांडल्या. एक, बॅचची यादी दहावीच्या निकालावरून करू नये, पाचवीच्या हजेरीपत्रकावरून करावी. दोन, मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेली रक्कम ट्रॉफ्यांवर न घालता, आपल्यातल्या ज्यांना बाहेरून दहावी द्यायची असेल त्यांच्या फॉर्म-फीसाठी आणि पुस्तकांसाठी ठेवावी. शिकवण्याचं काम आपण वाटून घेऊ. गणित मी घेईन, शनिवार-रविवार फोनवरून. भूगोल कोण घेणार हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्याने वर्गात नकाशा कधी चुकवला नाही. समितीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. त्यावर थोडी चर्चा झाली, थोडी कुरकुरही झाली, पण मान्य केल्या.

तेव्हा सर, बाई आणि मित्रमैत्रिणींनो, या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर जी यादी आहे ती पाचवीच्या हजेरीच्या क्रमाने आहे. काही नावांपुढे पत्ता आणि फोन नंबर यांची जागा मोकळी आहे. ती छपाईची चूक नाही. तुमच्या पाड्यावरचं, तुमच्या गल्लीतलं, तुमच्या नात्यातलं एखादं नाव त्यात दिसलं तर ती जागा पेनाने भरा आणि समितीला कळवा. आणि जमलं तर मेळाव्याला येताना त्या माणसाला सोबत घेऊन या.